बर्फाच्या नदीला नारळ

अलास्काहून परतल्यापासून आमच्या बॉथेलच्या घरी जो येतो, त्याला मी आधी सोफ्यावर बसवतो, हातात चहाचा कप देतो आणि मगच विषय काढतो. भरला कप हातात असला की माणसाला पळता येत नाही. व्हेलचा प्रसंग मी उभा राहून, दोन्ही हातांची शेपटी करून सांगतो. अस्वलाच्या प्रसंगाला गालिच्यावर चार पायांवर येतो. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मला कायम सासरा नाहीतर पोलीस एवढीच कामं मिळतात, तेव्हा ही हौस कुठेतरी भागवायलाच हवी. तुम्ही समोर नाही, म्हणून गालिचा वाचला. बाकी काही वगळणार नाही.

तर आम्ही तिघं गेलो. मी, माझी बायको मंजिरी आणि मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली माझी कुमुदआत्या. आत्या सत्तरीची आहे, गुडघा कुरकुरतो, पण जीभ अजून विशीतली आहे. आयुष्यभर तिने शाळेत भूगोल शिकवला. ती आली तेव्हाच मी विचारलं होतं, "आत्या, काय बघायचंय? नायगारा? लास व्हेगास?"

"हिमनदी," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं फळ्यावर काढली. निळ्या खडूने. हेडमास्तर म्हणायचे, बाई, बर्फ पांढरा असतो, निळा खडू कशाला संपवता? मी म्हणायचे, पुस्तकात निळा लिहिलाय. आता मला बघायचंय, मी पोरांना खरं सांगितलं की खोटं."

यावर लास व्हेगासचं काही चालण्यासारखं नव्हतं.

जुनो

अलास्काला लोक जातात ते बहुतेक मोठ्या जहाजांतून. त्यांत स्विमिंग पूल असतो, कॅसिनो असतो, आणि खिडकीतून मधूनमधून अलास्काही दिसतो. आम्ही निवडली ती पाच प्रवाशांची बोट. जुनो बंदराच्या धक्क्यावर अशा एका जहाजाच्या सावलीत ती उभी होती, तेव्हा मला वाटलं, ही त्या जहाजाने किनाऱ्यावर जायला ठेवलेली होडी असेल. आमच्या गॅरेजला नाक फुटलं तर जेवढं होईल तेवढी.

ती चालवायला होत्या दोन बायका. कॅप्टन डॉना साठीची, रुंद खांद्यांची, आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. दुसरी केली, तिशीची. स्वयंपाक तीच करणार, रबरी होडीतून किनाऱ्यावर तीच नेणार, पक्ष्यांची नावं तीच सांगणार. मंजिरी माझ्या कानात म्हणाली, "बघ, दोघींत सगळं चाललंय. एक पुरुष नाही, म्हणून वेळेवर निघणार आपण." उरलेले दोन प्रवासी म्हणजे टेक्सासचे बॉब आणि शर्ली, निवृत्त जोडपं. बॉबच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स आमच्या कुकरएवढी होती.

आमचं सामान चढताना डॉनाने भुवई उंचावली. कारण मंजिरीने दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, दोन प्रकारचे चिवडे आणि बेसनाचे लाडू घेतले होते. चार दिवसांच्या प्रवासाला. जेवण तिकिटात असताना. आत्याच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि ती आत्या कोणाच्याही हातात देत नव्हती. औषधं असतील, असं मी धरून चाललो.

डॉनाने आम्हाला स्वयंपाकघरात अर्धा कप्पा रिकामा करून दिला आणि मग सगळ्यांना बसवून तिचा एकच नियम सांगितला. बोटीवर हवं ते खा, हवं तेव्हा खा. किनाऱ्यावर दाणासुद्धा न्यायचा नाही. अस्वलाला एकदा कळलं की माणसाजवळ खायला असतं, की ते माणसांच्या मागे यायला लागतं, आणि मग त्याला गोळी घालावी लागते. "म्हणून ज्याच्याजवळ किनाऱ्यावर खाणं सापडेल, त्याचा किनारा संपला. उरलेले दिवस तो बोटीवर. मी आजवर कोणाला सूट दिलेली नाही."

मग तिने नकाशा पसरला. शेवटच्या दिवशी आम्ही डोंगरांत घुसलेल्या एका लांब खाडीच्या टोकाला जाणार होतो. तिथे हिमनदी समुद्रात उतरते. तिचा एक फाटा मात्र जमिनीवरच संपतो. तिथे उतरून चालत जायचं आणि बर्फाला हात लावायचा.

"हात लावता येतो?" आत्याने इंग्रजीतून, वर्गात विचारावं तसं, बोट वर करून विचारलं.

"दोन्ही हात," डॉना म्हणाली.

आत्याने पिशवी जरा आणखी जवळ ओढली.

शेपट्या आणि श्वास

इथे पाणी असं शांत असतं की तळ्यातून चाललोय असं वाटावं. दोन्ही बाजूंना काळपट हिरवे डोंगर, अंगावर ढगांचे फाटके पट्टे, आणि सतत भुरभुरणारा पाऊस. मी अंगावर पाच थर घातले होते. आत्याने पंजाबी ड्रेस, त्याखाली थर्मल, वर स्वेटर, वर रेनकोट, आणि सगळ्यांत वर ओढणी. "आत्या, ओढणी रेनकोटाच्या आत घाल ना," म्हटलं तर म्हणाली, "आत घातली तर ती ओढणी कसली? मफलर झाला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉनाने इंजिन एकदम बंद केलं. समोर पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटत होतं. भलंमोठं, सुबक, कोणीतरी खालून रांगोळी काढत असल्यासारखं. केली कुजबुजली, "खाली व्हेल आहेत. बुडबुड्यांचं जाळं करून मासे मध्ये कोंडतायत. आता..."

आणि कड्याच्या मधोमध समुद्र फाटला! सात-आठ प्रचंड जबडे, एकदम, आकाशाकडे आ वासून! मासे चांदीसारखे उडाले, वर पक्ष्यांचा गिल्ला, बॉब किंचाळतोय, शर्ली त्याला गप्प करायला त्याच्याहून मोठ्याने किंचाळतेय, आणि मी (मंजिरीच्या सांगण्यानुसार) टाळ्या वाजवत "वन्स मोअर! वन्स मोअर!" ओरडत होतो. त्यांनी दिला हो वन्स मोअर! तीनदा दिला! आमच्या मंडळाच्या प्रेक्षकांनी यातून काही शिकावं.

एक व्हेल बोटीच्या अगदी बाजूला येऊन फुस्सकन श्वास सोडून गेला. तो फवारा आमच्यावर आला. वास कसा सांगू? सुकटाचा डबा उन्हाळाभर बंद ठेवून मग नाकाशी उघडावा तसा.

"शी!" आत्या ओढणी नाकाला लावून ओरडली. "दात घासत नाही का हा मेला?"

मी भाषांतर केलं. केली म्हणाली, "त्याला दातच नसतात."

"मग बरोबर आहे," आत्या म्हणाली. "कवळीवाल्यांचं असंच असतं."

त्या दिवशी आम्ही आणखी काय काय पाहिलं! खडकावर एकमेकांच्या अंगावर लोळत भांडणारे समुद्रसिंह. दोन-दोन फूट जागेवरून त्यांचा जो कलगीतुरा चालला होता, तो ऐकून मला आमच्या सोसायटीची पार्किंगची मीटिंग आठवली. पाठीवर तरंगत पोटावर शिंपला फोडून खाणारी पाणमांजरं. झाडाच्या शेंड्यावर बसलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड, ज्याचं चित्र इथे नोटेपासून टपालपेटीपर्यंत सगळीकडे असतं. प्रत्यक्षात त्याचा आवाज इतका चिरका निघाला की बॉब देशाच्या वतीने ओशाळला.

जेवायला केलीने खेकडे उकडले होते. आम्ही दोघांनी आडवा हात मारला. शाकाहारी आत्यासाठी मंजिरीने भात लावला आणि वर तूप-मेतकूट. बॉब वाकून बघायला लागला. त्याला चमचाभर दिलं. मग ताटभर द्यावं लागलं. मग तो स्वतःच्या मनाने चटणीकडे वळला. लसणाच्या चटणीचा भरलेला चमचा त्याने जॅमसारखा तोंडात घातला, आणि टेक्सासचा तो गडी डोळ्यांतून धारा काढत डेकवर जाऊन पावसात तोंड उघडून उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, "आणखी आहे?" त्या क्षणापासून तो आमचा झाला.

नॉट येट

तिसऱ्या दिवशी अस्वलं. रबरी होडीत बसण्यापूर्वी केलीने प्रत्येकाला विचारलं, "जवळ काही खायचं?" बॉबने खिशातून च्युइंगगम काढून दिलं. मंजिरीने रेनकोट झटकून दाखवला. "आजी, तुमच्याजवळ?"

"नो," आत्या ठणठणीत आवाजात म्हणाली. खांद्याला पिशवी होतीच.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आम्ही गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. पुढे गवताचं हिरवंगार कुरण, आणि कुरणाच्या दूरच्या कडेला तपकिरी अस्वल, चक्क गाईसारखं गवत खात होतं. मागे दोन पिल्लं एकमेकांच्या कानाला लोंबकळत होती. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. तेवढ्यात अस्वलिणीने मान वर केली. आमच्याकडे बघितलं. मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

"एकत्र या," केली हळू म्हणाली. "पळू नका. सावकाश मागे."

आम्ही पाच जण एकाच घोंगडीत असल्यासारखे मागे सरकू लागलो. आत्याचा बूट गोट्यांत अडकला, मी तिला धरलं, पिशवीचा बंद खांद्यावरून सुटला. आणि पिशवीतून टुणकन नारळ बाहेर पडला.

अख्खा, शेंडीवाला नारळ. किनारा उताराचा. तो गडगडत निघाला, टक, टक, टक, गोट्यांवर उड्या मारत, आम्ही सगळे अस्वल विसरून त्याच्याकडे बघतोय, आणि तो डुबुककन पाण्यात पडून शेंडी वर करून तरंगू लागला. अस्वलिणीने हा प्रकार क्षणभर पाहिला, तिला बहुधा आमची कीव आली, आणि ती खाली होऊन पुन्हा गवत खायला लागली.

केलीने कमरेएवढ्या थंडगार पाण्यात जाऊन नारळ आणला. पाणी निथळणारा तो केसाळ गोळा तिने आत्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"कोकोनट."

"हे खाणं नाही का?"

आत्याने विचार केला. ती खोटं बोलत नाही. "नॉट येट," ती म्हणाली.

मग तिने मला मराठीत सांगितलं आणि मी दात आवळून भाषांतर केलं: हा ओटीचा नारळ आहे. ओटी भरून झाली, की तो प्रसाद. प्रसाद झाला, की मग खायचा. त्याआधी त्याला खाणं कसं म्हणणार? पिशवीत आणखी हिरवा खण निघाला, आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ. केलीचे ओठ थरथरत होते, थंडीने की हसू दाबून, ते कळलं नाही. पण बोटीवर परतल्यावर तिने डॉनाला सगळं सांगितलं. तिला सांगणं भागच होतं.

डॉनाने नारळ हातात घेऊन तोलला आणि आत्याकडे बघून म्हणाली, "सॉरी. उद्या तुम्हाला उतरता येणार नाही."

मी लगेच उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. वृद्ध शिक्षिका, सात समुद्र, फळा, निळा खडू, सगळं काढलं. मंडळात मला कधी एवढं लांब स्वगत मिळालं नव्हतं. ते अर्ध्यावर असताना आत्याने माझी बाही ओढली.

"पद्या, खाली बस. वर्गात नियम मोडणाऱ्याला मी बाहेर उभी करायचे. तेव्हा त्याचा बाप आला तरी ऐकायचे नाही. तू तर भाचा." आणि ती केबिनमध्ये गेली.

तिची नदी

केबिनमध्ये मंजिरी तिच्या मागोमाग गेली. मी दारात उभा राहिलो.

"आत्या, ही ओटी कोणासाठी हो?" मंजिरीने विचारलं.

"तिच्यासाठी. हिमनदीसाठी. नदीच ना ती? आपण नदीची ओटी भरतो की नाही?"

"भरतो. पण मिरजेला कृष्णा दाराशी असताना..."

आत्या खण घडी करत होती. घडी झालेली होती, तरी करत होती. "तिथे घाटावर सगळ्या असतात गं. तुझे आतोबा गेले त्या वर्षी मी ताट घेऊन गेले होते. कोणी काही म्हणालं नाही. नुसत्या जरा बाजूला झाल्या. तेव्हापासून मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसते आणि सगळ्यांच्या चपला सांभाळते." तिने खण पिशवीत ठेवला. "म्हटलं, इथे कोण आहे बाजूला व्हायला? एकदा भरून घ्यावी."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आतोबांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आमच्याकडे हळदीकुंकू असलं की आत्या मिरजेहून व्हिडिओ कॉलवर "मला बायकांसमोर धरू नको, फोन बाजूला ठेव" म्हणते. मंजिरी दर भेटीत म्हणते, "मी भरते तुमची ओटी, कोणाला सांगू नका," आणि आत्या दर वेळी विषय बदलते. पण चपला सांभाळायचं मला माहीत नव्हतं.

मी वर डॉनाकडे गेलो. या वेळी छातीवर हात ठेवला नाही. ती सुकाणूपाशी होती. साध्या शब्दांत सांगितलं, की आमच्याकडे बायका नदीला लेकीसारखं मानून तिच्या पदरात नारळ, तांदूळ, खण घालतात. आत्याला घरच्या नदीपाशी ते करता येत नाही, म्हणून तिने ही नदी शोधली.

"नियम तसाच राहील," डॉना म्हणाली. मग सुकाणू जरा फिरवून, "पण तो किनाऱ्याचा आहे. बोटीचा नाही."

निळा

खाडीत शिरलो तशी हवा फ्रिज उघडल्यासारखी झाली. पाणी ताकात हिरवा रंग कालवावा तसं. डोंगरांच्या उभ्या कड्यांवरून धबधबे, आणि पाण्यावर बर्फाचे तुकडे, आधी बशीएवढे, मग मोटारीएवढे, मग बंगल्याएवढे. त्यांच्यावर सील आपल्या पिल्लांना घेऊन पडलेले. आणि वळण घेतलं तशी ती दिसली. दोन डोंगरांच्या मधून उतरलेली, भेगाळलेली, बर्फाची अवाढव्य भिंत.

"पद्या!" आत्या ओरडली. मी तिला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "पद्या, निळा आहे रे! निळाच आहे!"

होताच. भेगांच्या आत तर असा निळा, की बॉलपेनची शाई सांडली असावी. "त्या हेडमास्तरला आणायला हवा होता इथे," आत्या म्हणाली, "आणि त्या भेगेत उभा करायला हवा होता."

केली बाकीच्यांना घेऊन रबरी होडीतून निघाली. मंजिरीला जायचं नव्हतं. आत्याने तिला दटावलं, "तू जा. माझ्या वाटणीचा हात लाव. दोन्ही हात." मी आत्यापाशी राहिलो.

ते किनाऱ्याला लागल्यावर डॉनाने बोट वळवली आणि बर्फाच्या तुकड्यांमधून चवड्यांवर चालल्यासारखी पुढे नेत राहिली. केलीने सांगितलं होतं की भिंत कधीही कोसळू शकते, म्हणून पुरेसं अंतर ठेवून डॉनाने इंजिन बंद केलं. आणि मग आम्हाला आवाज ऐकू आला. चहूकडून बारीक तडतड तडतड. फोडणीत मोहरी टाकावी तशी. जुन्या बर्फात कोंडलेली हवा सुटत होती.

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याला टेकलेली एक फळी आहे. तिच्यावर आत्या बसली, मी तिचं लाइफ जॅकेट मागून धरलं. तिने खण उघडला, त्यावर तांदूळ, त्यावर नारळ.

"आत्या, पाण्यात काही टाकता येणार नाही हं. तांदूळसुद्धा."

"नैवेद्य दाखवतो तेव्हा देवाच्या तोंडात कोंबतो का रे? दाखवायचा. तिने बघितलं की झालं."

दोन्ही हातांवर ओटी धरून ती पुढे झुकली. ओठ हलत होते. मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. मग तिने सगळं पुन्हा बांधून पिशवीत ठेवलं. (त्या नारळाचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकतो. डॉनाने हातोडीने फोडला, मंजिरीने चटणी केली, आणि बॉबने ती माशाला लावून खाल्ली. आता तो रीतसर खाणं झाला होता.)

एवढ्यात तोफ डागल्यासारखा आवाज झाला. भिंतीचा एक अख्खा मनोरा सुटला, आधी आवाज न करता, सावकाश, आणि मग समुद्रात! पाण्याचा डोंगर वर उठला. "धरा!" डॉना ओरडली. लाट आली, बोट वर गेली, खाली आली, मी आत्याला धरून सपशेल पाठीवर. आत्या माझ्या पोटावर. ती खदाखदा हसत होती.

लाटेबरोबर बर्फाचे तुकडे आमच्याकडे वाहत आले, काचेसारखे स्वच्छ. डॉना मासे धरायची जाळी घेऊन आली. संध्याकाळच्या पेयांसाठी असा बर्फ गोळा करायची तिची पद्धत आहे. तिने एक तुकडा उचलला. जड होता. बादली दूर होती. जाळीतून तो निसटायला लागला आणि ती ओरडली, "घ्या, घ्या, धरा!"

आत्याने काही विचार केला नाही. दोन्ही हातांनी ओढणी पुढे पसरली, जशी कितीतरी बायकांना तिने पदर पसरताना वरच्या पायरीवरून पाहिलं होतं. आणि डॉनाने तो तुकडा तिच्या ओटीत घातला.

आत्या तशीच बसून राहिली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोणी बाजूला झालं का ते बघावं तसं. बर्फाच्या एका तुकड्यावर दोन सील पडून आमच्याकडे बघत होते. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

मग तिने तुकड्याचा एक टवका मोडला आणि हळूच पाण्यात सोडला.

"अहो, चांगला बर्फ आहे, फेकता कशाला?" डॉना म्हणाली.

"थोडं परत द्यायचं असतं," आत्याने तिला इंग्रजीत सांगितलं.

तासाभराने रबरी होडी परत आली. मंजिरीचे दोन्ही हात लालभडक झाले होते. चढल्या चढल्या तिने विचारलं, "आत्या, भरली का ओटी?"

आत्या अजून तशीच बसली होती, ओढणीची टोकं घट्ट धरून. मांडीपासून खाली सगळी भिजून चिंब झाली होती, दात वाजत होते.

"भरली गं," ती म्हणाली. "गच्च भरली. आता मला कोरडी सलवार दे."